आक्कांचं माप आणि आमच्या तीन बाया

कोल्हापुरात माणसाला पगार विचारा, वय विचारा, पोरीचं ठरलेलं लग्न का मोडलं तेही विचारा. माणूस सांगतो, वर चहा पाजतो. पण चटणीचं माप विचारू नका. चटणी म्हणजे आमची वर्षाची लाल चटणी, कांदा-लसणाची. ती आमटीत जाते, भाजीत जाते, आणि घरात काहीच नसलं तर तेल घालून भाकरीवर येते. तिच्यात ब्याडगी मिरची किती, लवंगी किती, धणे किती, खोबरं किती, दगडफूल घालायचं की नाही, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. आणि प्रत्येक घराला वाटतं की आपलं तेवढं खरं, बाकीच्यांचा नुसता रंग.

हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण आमचा डंक आहे. लोखंडी मुसळं ओळीनं वर जातात, धाडदिशी खाली येतात आणि उखळातली मिरची कुटतात, त्या मशीनला आमच्याकडं डंक म्हणतात. उचगावच्या रस्त्याला सासऱ्यांनी घातला, नवऱ्यानं चालवला, आणि ते गेल्यापासून मी चालवते. शिमगा झाला की बायकांची रांग लागते ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. मिरची-मसाल्याचा मालही आम्हीच ठेवतो. बाई येते, वजनकाट्याजवळ माझ्या कानाशी लागते आणि आपलं माप सांगते, मी माल तोलून देते. मग ती तिथंच नाकाला पदर लावून बसते. आपली चटणी डब्यात पडेपर्यंत जागची हलत नाही. दुसरीच्या मिरचीचं एक बी आपल्यात आलं तरी भांडण.

अशी अख्ख्या पंचक्रोशीची मापं माझ्या डोक्यात. सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं की डंकावर ऐकलेलं माप डंकावरच राहायला पाहिजे. वाटण्या झालेल्या जावा एकाच दिवशी यायच्या, आणि एक दुसरीकडं बघून मला हळूच विचारायची, "वयनी, तिनं यंदा लवंगी वाढवली व्हय?" मी म्हणायची, "बाई, शिंकून शिंकून माझं डोस्कं बधिर झालंय. मला माझं नाव ध्यानात न्हाई, तिची लवंगी कुठली ध्यानात ऱ्हातीया?" ती तोंड वाकडं करायची. करू दे. हिचं तिला सांगितलं असतं तर उद्या तिचं हिलाही सांगितलं असतं, आणि हे त्या दोघींनाही कळत होतं.

मग माझा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, महिनाभर धुळीत जायचं नाही. ऐन शिमग्याच्या तोंडावर! मी म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडं धूळ नसती, मिरची असती. ते म्हणाले, मग दोन महिने.

आता माझ्या सुनेबद्दल सांगते. माझी सून घरात बसून कुठल्या तरी परदेशी कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. पोरगी हुशार, जिभेची गोड, आणि हट्टी माझ्याहून. ती म्हणाली, "आई, सगळं तुमच्या डोक्यात आहे, आणि डोक्याला पट्टी बांधलेली. मी काहीतरी करते." मग मी आतल्या खोलीत काळा चष्मा लावून बसायची, आणि ती फोन माझ्यासमोर धरायची. मी एकेका घराचं माप बोलायची, आणि ते कॉम्प्युटरात जाऊन बसायचं. त्यातनं तिनं तीन एजंट उभे केले. एजंट म्हटल्यावर मला आधी विम्याचा आठवला. पण हे म्हणजे मशीनच, माणसासारखं ऐकणारं, बोलणारं आणि आपापल्या अकलेनं काम करणारं. मी त्यांना जावाच म्हणते. थोरली फोन घेते, गिऱ्हाइकाशी गोड बोलते. मधली मापं सांभाळते आणि कुणाला किती माल लागेल तो डंकावरच्या गड्याला बाजूला काढायला सांगते. धाकटी पाळ्या लावते, कोण आलं, कोण गेलं, कुणाचं कुटून झालं ते बघते. तिघी एकमेकींशी बोलतात. एकीला जे कळलं ते दुसरीनं विचारलं की पहिली सांगते. एका घरातल्या जावा, चूल एकच.

"आई," सुनेनं विचारलं, "कुणाचं माप कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते सांगा. मी थोरलीला नियम घालते."

आयुष्यभर जे मी न बोलता करत आले ते पहिल्यांदा तोंडानं बोलायची पाळी आली. म्हटलं, ज्या घरचं त्या घराला सांगायचं. लेक सासरी गेली तर? आई हो म्हणाली तर सांगायचं. भावकीला? अजिबात न्हाई. "आणि घरातल्या पुरुषांना?" मी म्हटलं, "त्यास्नी कशाला? चौकात जाऊन सांगून येतील." ती हसली आणि तसा नियम घातला.

मग आक्कांचं नाव निघालं. आक्का कुरुंदवाडच्या. माझ्याहून मोठ्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी, आणि आवाज असा की डंक चालू असताना तेवढा एक ऐकू येतो. त्यांचा हुकूम मला तोंडपाठ होता: "माझं माप माझ्या माघारी माझ्या सुनंला. मी हाय तवर कुणाला न्हाई. तिलाबी न्हाई."

"हे काय हो आई?" माझी सून म्हणाली. "सुनेला जिवंतपणी द्यायचं नाही? एवढा कसला खडूसपणा?"

मी तिच्यावर खेकसले. माहीत नसताना माणसाला खडूस म्हणू नये. मग मी तिला सगळं सांगितलं.

आक्कांचा मुलगा आणि सून कोल्हापुरात राहतात. लग्नानंतर काही वर्षांनी सासू-सुनेचं बिनसलं. कशावरनं, ते दोघींनी मला वेगवेगळं सांगितलंय आणि दोन्ही मी इथं सांगणार नाही. मुलगा जाऊन-येऊन असतो, पण सुनेनं कुरुंदवाडच्या घराचा उंबरा परत ओलांडला नाही. आक्काही कोल्हापुरात आल्या तर मुलाच्या घरी पाणी पीत नाहीत. अशा या दोघी वर्षातनं एक दिवस भेटायच्या, तो माझ्या डंकावर. कारण नवऱ्याला आईच्या हातचीच चटणी लागते, सुनेलाही तीच आवडते, आणि माप आक्कांकडं. बुधवारची पहिली पाळी आक्कांची. त्यांच्यात मटण चालत नाही, म्हणून सकाळी उखळ धुऊन पुसून आधी त्यांची चटणी. माप सांगायची वेळ आली की आक्का सुनेला म्हणायच्या, "जा, चहा सांगून ये." सून जायची. परत आली की दोघी एका पोत्यावर बसायच्या. आधी मिरचीबद्दल बोलायच्या. मग नातवाच्या दाताबद्दल. मग आक्का तिच्या केसाकडं बघून "तेल लावतीस का न्हाई?" म्हणून खेकसायच्या, आणि चटणी दोन डब्यांत भरून होईपर्यंत दुपार टळायची.

एकदा मी आक्कांना विचारलं होतं, "देऊन टाका की माप. किती दिवस मुठीत धरणार?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दिलं म्हंजे ती कशाला यील गं?"

हे ऐकल्यावर माझी सून कॉम्प्युटरकडं वळली. आक्कांचा नियम तिनं थोरलीला दोनदा बजावला.

आणि तरी घोळ झालाच.

यंदा शिमगा झाला आणि आक्कांच्या सुनेनं थोरलीला फोनवर निरोप टाकला. विचारणं अगदी साधं होतं: आमच्या चटणीला यंदा माल किती लागेल, म्हणजे निम्म्याचे पैसे मी भरते, एकट्या आत्यांवर सगळा भार नको. सासूला ती आत्या म्हणते. थोरलीनं मधलीला विचारलं, यांच्या घरचा माल काढलाय का? मधली म्हणाली, काढलाय की. आणि तिनं सगळा माल, कुठली मिरची किती इथपासून जायपत्री किती इथपर्यंत, तोळ्यामाशासकट थोरलीच्या पदरात घातला. थोरलीनं तो गोड आवाजात आक्कांच्या सुनेला वाचून दाखवला. शेवटी "आणखी काही मदत हवी आहे का?" असंही विचारलं, मेली.

थोरलीला सांगितलं होतं, माप सांगायचं नाही. तिनं माप कुठं सांगितलं? माल सांगितला. आता अख्खा माल सांगितल्यावर मापात उरतंय काय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मधलीला तर कसलाच नियम घातला नव्हता, कारण ती बाहेरच्यांशी बोलतच नाही.

मला हे कळलं ते आक्कांच्या सुनेच्या निरोपानं. "काकू, माप मिळालं. आत्यांना सांगा, मला कळलं. माझी पाळी आता रविवारी वेगळी लावा." एवढंच. मी ते दोनदा ऐकलं आणि सुनेला हाक मारली. पुढचा तासभर माझ्या सुनेनं काय काय ऐकून घेतलं ते तिचं तिला माहीत.

"तुझ्या त्या जावा!" मी म्हटलं. "अगं, मी एवढी वर्षं पोटात ठेवलं, आणि यांच्या पोटात एक महिना राहिलं न्हाई? एवढं शिकून काय केलंस? आमच्या डंकावरनं आक्कांचं माप फुटलं! कुणाला तोंड दाखवू मी?"

ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. आधी तिनं तिघींनाही गप्प बसवलं. मग खाली पोत्यावर बसली आणि म्हणाली, "चूक माझीच आहे, आई. मी पहारा फक्त दारावर ठेवला. आत कोण कुणाला काय देतंय तिकडं बघितलंच नाही."

"मग आता?"

तिनं फळीवरच्या डब्यांकडं बोट केलं. स्टीलचे डबे सगळे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक बाई आपल्या डब्याच्या कडीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवते. "तो डबा काट्यावर जाऊ दे, उखळाखाली जाऊ दे, नाहीतर फळीवर. चिंधी त्याच्याबरोबर जाते. मला प्रत्येक मापाला तशी चिंधी बांधायला पाहिजे होती. हे कुणाचं, कुणाला सांगायचं, कधीपर्यंत नाही सांगायचं. म्हणजे एकीनं दुसरीला दिलं तरी चिंधी सुटणार नाही. आणि त्या मापातनं जे काय निघेल, माल निघू दे नाहीतर तिखटाचा अंदाज, त्यालाही तीच चिंधी. घेणारीनं आधी चिंधी बघायची, मग तोंड उघडायचं."

बोलली चांगलं. माझा राग निम्मा उतरला, पण निम्मा राहिला. दोन दिवस ती जेवायलाही धड उठली नाही. सगळ्या मापांना तिनं तशी खूण बांधली, आणि मग माझ्याकडनं निरनिराळ्या बायकांचे आवाज काढून घेऊन थोरलीला फसवायचा प्रयत्न केला. मी पण काय काय सोंगं केली. भावजय झाले, विहीण झाले, तालुक्याचा साहेब झाले. थोरली बधली नाही. हसून हसून आमची पोटं दुखली.

मग ती म्हणाली, "आता आक्कांना फोन लावा."

"शानी हायस काय?" मी म्हटलं. "त्यास्नी कळलं न्हाई अजून. मिटलेलं उकरतीस कशाला?"

"मिटलं कुठं? गोष्ट त्यांची आहे आणि फुटली आपल्याकडनं. त्यांना दुसऱ्याकडनं कळली तर?"

मी पुष्कळ आरडाओरडा केला. पण ती म्हणत होती ते खरं होतं, आणि खऱ्यापुढं माझा आरडाओरडा फार वेळ टिकत नाही. फोन मी लावला. आक्कांना सगळं सांगितलं, आमच्या जावांसकट.  मला वाटलं आता बरसतील. मी मनातनं तयार होते, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

"मशीनला काय शिव्या घालायच्या," आक्का म्हणाल्या. "तुझ्या सुनंला काय बोलू नगंस. मी बुधवारी येते. पाळी माझी तशीच ठेव."

बुधवारी पहिल्या यष्टीनं आक्का आल्या. हातात दोन रिकामे डबे, खांद्याला जवारी मिरचीची पिशवी, जी त्या दरवर्षी घरच्या रानातली आणतात. डॉक्टरांचे दोन महिने संपले नव्हते, तरी त्या दिवशी मी काळा चष्मा लावून डंकावर आले होते आणि उखळ धुऊन ठेवलं होतं. म्हटलं, "घालूया?"

"जरा थांब. आत्ता तर उतरले."

जरा थांबले. मग त्या म्हणाल्या, "त्या बाईला लांब जायाचं हाय, तिचं घे आधी." तिचं घेतलं. मग आणखी एकीचं. रांगेतली प्रत्येक बाई आक्कांच्या पुढनं गेली. आक्का पोत्यावर बसून रस्त्याकडं बघत होत्या. स्कूटरचा आवाज आला की मान वर व्हायची, स्कूटर पुढं गेली की पदर सारखा करायच्या. कुणीतरी विचारलंच, "आक्का, सूनबाई न्हाई आल्या?" आक्का म्हणाल्या, "तिला काम असतंय. तुझ्यासारखी रिकामी हाय व्हय ती?"

मला त्या सुनेचा असा संताप आला म्हणून सांगू. माप हातात पडलं आणि म्हातारी नकोशी झाली! एक दिवस, वर्षातला एक दिवस, तोही जड झाला! माझी सून दुपारी काम टाकून बाहेर आली आणि आक्कांच्या शेजारी बसली. तिनं ताटात भाकरी आणली. आक्कांनी अर्धी खाल्ली. तिच्या केसाकडं बघितलं, पण काही बोलल्या नाहीत.

उन्हं कलली, तशा आक्का उठल्या. "आज नगं कुटायला. खांदा धरलाय." डंक मशीनवर चालतो, त्याला आक्कांचा खांदा लागत नाही.  पिशवी जड म्हणून इथंच राहू दे म्हणाल्या. दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

"मी दिवसभर बसलेली तिला कळता कामा नये. तुझ्या त्या बायास्नीबी सांग."

माझ्या सुनेनं विचारलं, "किती दिवस सांगायचं नाही, आक्का?"

"कवाच न्हाई," आक्का म्हणाल्या. माझ्या सुनेनं मान डोलावली, आत जाऊन त्या बुधवारच्या नोंदीला खूण बांधून आली, आणि त्यांना यष्टीत बसवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांची सून आली. स्कूटर मधोमध लावली, हेल्मेट काढलं नाही, तशीच माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काकू, काल आत्या आल्यात्या का इथं?"

"तू थोरलीला विचार की," मी म्हटलं. माझा आवाज मला ठेवायचा तेवढा मऊ राहिला नाही.

"विचारलं. ती म्हणतीया, कालच्या दिवसाबद्दल तुम्हाला सांगू नये असं आक्कांनी सांगितलंय. मला सांगू नये असं काय घडलं काल?"

आतनं माझी सून धावत आली आणि कपाळावर हात मारून उभी राहिली. गुपित न सांगण्याचं तिनं सगळं पक्कं केलं होतं, पण "सांगायचं नाही" हे थोरलीनं अशा तऱ्हेनं सांगितलं की न सांगून निम्मं सांगितलं.

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं. "माप मिळालं न्हवं? रविवारी ये, कुटून घे, जा."

तेव्हा तिनं हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते, आणि ते मिरचीनं नव्हतं.

"माप!" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासनं ऐकतीया, माझ्या माघारी, माझ्या माघारी. आणि यंदा मशीनकडनं फटदिशी देऊन टाकलं. मी आधी घाबरले. म्हटलं आत्यांना काय झालंय का? यांना फोन करायला लावला, तर त्या ठणठणीत. मग कळलं. हे सांगायचं हुतं त्यांना मला, की घे तुझं माप, आता येऊ नगंस. तोंडानं सांगितलं असतं तर मी भांडले तरी असते काकू. मशीनशी काय भांडू?"

मी पोत्यावर बसले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि लाजेनं मान खाली गेली. ज्यांचं फुटलं त्यांना आम्ही फोन करून सांगितलं. जिच्या पदरात पडलं तिला सांगायचं आमच्या ध्यानातही आलं नाही. चोरीचा माल दारात येऊन पडावा आणि पोरीनं तो सासूनं पाठवला असं समजावं, तसं झालं होतं.

"पोरी," मी म्हटलं, "माप त्यांनी दिलं न्हाई. आमच्याकडनं फुटलं. चूक आमची. त्यांनी कुणाला सांगा म्हटलं न्हवतं."

"म्हंजे त्यांनी मला येऊ नगंस म्हटलं न्हाई?"

"न्हाई गं बाई."

"मग काल त्या..."

 आक्कांना शब्द दिला होता. माझी सून माझ्याकडं बघत होती. मी उगाच काट्यावरची पारडी पुसायला घेतली. आक्कांची सून इकडं तिकडं बघत राहिली, आणि मग तिला भिंतीकडची मिरचीची पिशवी दिसली, तोंड बांधलेली. तिनं जाऊन ती उचलून बघितली, तिचा भार हातात जोखला, आणि तशीच उभी राहिली. मला वाटतं, त्यानंतर तिला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

तिनं फोन काढला. आवाज मोठा ठेवला, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, मी डंकावर हाय. चटणी कुटायची ऱ्हायलीया माझी."

"मग कूट की," आक्कांचा आवाज आला. "माप हाय न्हवं तुझ्याजवळ."

"न्हाई," ती म्हणाली. "मला माप ठावं न्हाई."

तिनं दुसऱ्या हातानं पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

"काकूंच्या त्या मशीननं काय तरी सांगितलं हुतं," ती म्हणाली, "पर मी ऐकलं न्हाई. माझ्या ध्यानात न्हाई, आत्या. तुमच्याबिगर मला जमायचं न्हाई."

आक्का खाकरल्या. एकदा, मग परत एकदा. मग त्यांचा तो डंकावरचा आवाज आला, फोन फाटेल असा. "तुला कवा काय ध्यानात ऱ्हायलंय गं! थांब तिथंच. मी यष्टी धरते. माझ्याबिगर उखळात हात घालशील तर बघ."

फोन बंद झाला. पोरगी पिशवी पोटाशी धरून पोत्यावर बसली आणि मोठ्यांदा रडली. मी उठले, आणि उखळ धुवायला पाणी आणलं.

माझी सून माझ्या मागं आली. तिच्या हातात तिचा तो कॉम्प्युटर. हळूच म्हणाली, "आई, तिघींना काय सांगू? आक्कांचं माप त्यांच्या सुनेला माहीत आहे असं धरायचं, का नाही?"

"माहीत न्हाई," मी म्हटलं. "तसंच लिव."

पोत्यावरनं आक्कांची सून पदरानं नाक पुसत माझ्या सुनेला म्हणाली, "व्हय वयनी, तसंच लिवा."